पाणी उकळेपर्यंत

"वेड हा आजार नव्हे, आत्म्याचा महाप्रवास आहे," अशी आमच्या डॉक्टरांची गर्जना असे. स्वतः मात्र ग्लासगोत ते रोज चुकीच्या बसमध्ये चढत. ते वारले, पण आमच्या पेशंटांच्या बिनकुलपाच्या घरात त्यांचा नियम उरला: कुणी बिथरलं, तर पोलिसांना बोलावण्याआधी चहाचं पाणी उकळेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं. आज घरातला एक पेशंट, मर्डो, पावाची सुरी उगारून स्वयंपाकघरात उभा होता. "भिंतीतली माणसं मला न्यायला आलीत!" पोलिसांनी त्याला खरंच नेऊन इस्पितळात कोंडलं असतं. मी किटली चढवून त्याच्यापाशी फरशीवर बसले. "थरथरतेस काय गं, म्हातारे? घाबरलीस?" "जाम घाबरलेय." "तुला घाबरायची सवय नाही, सरक," म्हणत तो टेकला. किटलीने शिट्टी मारली. सुरी माझ्याकडे आली. मी डोळे मिटले. "मुठीकडून धर," तो म्हणाला, "आणि माझ्या पावाच्या कडा तेवढ्या कापून दे."