होईल सवय

बुटांच्या कारखान्यात सोल चिकटवायच्या खोलीत तरण्या बायकांना घेत नसत. तिथल्या सोल्युशनच्या वाफेनं पोटातलं मूल टिकत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“माझ्या सुनेला बिनघोर घ्या,” सासू मुकादमाला म्हणाली. “लग्नाला दहा वर्षं झाली, कूस काही उजवली नाही. ही कसली पोटुशी राहतेय!”

काही महिन्यांनी सुनेला उलट्या सुरू झाल्या. “वासानं होतं तसं, होईल सवय. नखरे पुरे,” म्हणत सासू तिला रोज कारखान्याच्या दारापर्यंत सोडून यायची. एका दुपारी सून सोल चिकटवता चिकटवता रक्तानं भिजून कोसळली.

“नुसत्या वासाच्या उलट्यांनी एवढं होतं का हो?” दवाखान्यात सासूनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.



“वासाच्या कसल्या, मावशी? आजी होणार होतात तुम्ही.”