तळाची ओळ

पानाच्या मेनूत सात कलमं. चौथ्यावर बाण नेला की खाली पाच उघडतात.

चार ब्राउझरांत मुख्य रकाना डावीकडे. पाचव्यात तळाशी, उताणा.

घरी चमचे धुतलेले नाहीत. चमचे लागतही नाहीत, जेवण होतंय कुठे.

पाणीपुरवठा कार्यालय, कामकाजाची वेळ दहा ते पाच.

सकाळी आठ वाजून दहा मिनिटं. पाहुणे: एक.

ही शेवटची ओळ मुकादमाने पडद्यावर बोट ठेवून वाचली. तो गटप्रमुख होता. मुकादम हे नाव त्याच्या पाठीमागचं. पान बांधणाऱ्या मुलीचं नाव मात्र तोंडावरचं होतं. एका ठिपक्यासाठी भांडते म्हणून ठिपकी.

"एक," तो म्हणाला. "जुनापुराणा ब्राउझर वापरणारा अख्ख्या जगात एक माणूस उरलाय, आणि तो आपल्याच नशिबी. त्याच्यासाठी तुला दोन दिवस हवेत?"

"हो."

"त्याला म्हणावं, नवीन टाक. फुकट मिळतो. उद्या कार्यालयाचे साहेब पान बघायला येणार, आणि तू म्हाताऱ्या यंत्राचे पाय चेपत बसणार."

हल्ली तिला बोलायला वेळ लागायचा, आणि तेवढ्यात लोक निघून जायचे. मुकादमही गेला.

पाणीपुरवठ्याचं जुनं पान तिनेच तीन वर्षांपूर्वी केलं होतं, तक्त्यांवर तक्ते रचून, घाईत. आता तिने ते नियमाप्रमाणे नव्याने बांधलं होतं. मजकूर एका जागी, रूप दुसऱ्या जागी, मेनू म्हणजे साधी यादी. कालपासून ते सगळ्यांसाठी खुलं होतं. सगळीकडे नीट दिसत होतं. त्या एका ब्राउझरात मात्र मेनूची यादी एकदा उघडली की मिटत नव्हती. पानावर आडवी पडून राहत होती.

तिने त्या पाहुण्याची नोंद पुन्हा उघडली. रोज आठ दहाला येतो. कशावरही टिचकी मारत नाही. चाळीस सेकंद थांबतो, जातो. काल तीनदा आला होता. तिसऱ्या वेळी अकरा मिनिटं थांबला होता.

पडदा जुन्या मापाचा. अक्षरं दीडपट मोठी केलेली. गाव तिचंच.

असा संगणक तिला एकच माहीत होता. वडिलांनी त्यात कधी काही नवीन टाकू दिलं नव्हतं. चालत्या गाडीचं बॉनेट उघडू नये, म्हणायचे. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यानंतर तिने घरी किती फोन केले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आले असते.

जिन्यात जाऊन तिने फोन लावला.

"आई, तू आमचं ते पाण्याचं पान उघडतेस का रोज?"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"बिघडलं का गं माझ्याकडून? मी काही दाबत नाही हं. नुसती बघते."

"नाही बिघडलं. पण काय बघतेस? आमच्या इथल्या पाण्याशी तुझा काय संबंध?"

"पाण्याला काय करायचंय. मी आपली सरळ तळाला जाते. तिथे बारीक अक्षरांत असतं ना, पान शेवटचं कधी बदललं ते. तारीख. ती आजची असली की कळतं, उठलीस, कामाला लागलीस." पलीकडे पुन्हा भांडं वाजलं. "इतक्या सकाळी लागतेस, बाई. रविवारीसुद्धा. आधी पोटात काही घालत जा."

ठिपकीने कठड्याला हात लावला. कठडा गार होता, एवढंच तिला कळलं.

"फोन करायचास."

"फोनवर तू बरी आहे म्हणतेस. ते तू बाबा गेले त्या दिवशीही म्हणाली होतीस."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार लावलं.

"कालपासून ती यादी आडवी येतेय," आई म्हणाली. "तारीख दिसतच नाही. रात्रभर म्हटलं, विचारावं की नको. म्हणशील, म्हातारीला दुसरे उद्योग नाहीत. तू... आहेस ना कामावर?"

"आहे."

"मग झालं. ठेवते. दूध ठेवलंय गॅसवर."

ती जागेवर आली. मुकादमाला म्हणाली, "दोन दिवस. साहेबांना मी सांगते." तिच्या आवाजात काही नव्हतं, म्हणूनच बहुधा तो वाद घालायचा राहिला.

तिने त्या एका ब्राउझरासाठी वेगळे नियम लिहिले. यादी उघडली की मिटायला लागली. रकाने आपापल्या जागी गेले. पानाचा तळ मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं संपल्यावर ती तळाशी गेली आणि तिथली एक ओळ पुसून टाकली. मग घरी जाऊन सातचा गजर लावला.

सकाळी उठायला तिला वीस मिनिटं लागली. तोंड न धुताच तिने पान उघडलं आणि पुसलेल्या जागी तारीख एकेक आकडा करून हाताने लिहिली. आठ दहाला पाहुणा आला. चाळीस सेकंद थांबला. गेला.

दुसऱ्या दिवशीही तिने लिहिली. रविवारीही.

आधी ती तारीख कुणी लिहीत नव्हतं, पान उघडलं की त्या दिवसाची आपोआप उमटायची. मागच्या हिवाळ्यात ठिपकी सतरा दिवस अंथरुणातून उठली नव्हती, आणि सतराही दिवस तारीख बरोबर होती.