झऱ्याचं पाणी

"या आजी, आत या. अंधारातच दिसतं ते," दिपाली म्हणाली आणि तिने गोधडी सावळीच्या डोक्यावरूनही ओढून घेतली.

भर दुपारी दोघी गोधडीखाली बसल्या. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. समोर काचेच्या दोन नळ्या होत्या. दोन्हींत समुद्रातले जिवाणू. जिवंत असेपर्यंत त्यांचा निळसर उजेड पडायचा, पाण्यात विष असलं की विझायचा. मुंबईच्या प्रयोगशाळेतून बर्फाच्या डब्यात घालून, मांडीवर सांभाळत दिपालीने ते किन्हवलीच्या एसटीने आणले होते. तिचे खांदे नुसते ठणकत होते.

दोरा बांधलेल्या नळीत वाडीच्या विहिरीचं पाणी घातलं होतं. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना आला तेव्हापासून विहिरीवर सगळ्यांचा संशय. सावळीची नात चंदा ओकून ओकून अर्धी झाली, तेव्हा सावळीने विहीर सोडली आणि ती डोंगरातल्या झऱ्याचं पाणी वाहू लागली. पोर तरीही सुधारेना. आत्ताही ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

दुसऱ्या नळीत झऱ्याचं पाणी, नुसतं ताडून बघायला. झऱ्यापर्यंत चढायचं दिपालीच्या जिवावर आलं होतं, म्हणून तिने ते सावळीच्या दारातल्या ड्रममधून घेतलं.

थोड्या वेळाने एक नळी विझली.

"ही हिरीची," सावळी म्हणाली. "मी सांगत होती ना."

दिपालीने नळ्या चाचपल्या. दोरा उजेडाच्या नळीला होता.

"नाही आजी. विझली ती झऱ्याची."

"कायपन नको बोलू, बाय. झरा देवाचा हाय."

दिपालीला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. दमल्यावर हात चुकतात. ती बाहेर आली. सावळीची सून गिरजा नुकतीच झऱ्यावरून आली होती आणि डोक्यावरचा हंडा ड्रममध्ये रिकामा करणार होती.

"थांब गं, ओतू नको. मला त्यातलं थोडं दे."

हंड्यातलं पाणी नव्या नळीत पडलं. पुन्हा गोधडी, पुन्हा तो उकाडा. या वेळी उजेड होता तसा राहिला. दोघी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. छान दिसत होता.

मग दिपाली जाऊन ड्रमपाशी उकिडवी बसली. निळा, जाड प्लास्टिकचा, झाकणाचा. सावळीचा मुलगा रघू कारखान्यात हमाल होता. कारखाना सुरू झाला त्या दिवाळीला मालकाने कामगारांना रिकामे ड्रम भेट दिले होते. वाडीत घरोघरी दारात एक उभा होता, आणि मिळाला तेव्हा बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. सावळीच्या घरी आधी विहिरीचं आणि मग झऱ्याचं पाणी त्यातच साठायचं. दिपालीला वाटलं, काही न सांगता उठावं आणि पुढची एसटी पकडावी.

"आजी, झऱ्याचं पाणी चांगलं आहे. विहिरीतही आज काही सापडलं नाही. विष या ड्रमात आहे."

"राखेनं घासलाय मी त्याला. किती येळा घासलाय!"

"घासून जात नाही ते. कारखान्याचं रसायन आत मुरलेलं असतं. पाण्यात उतरत राहतं."

सावळी उंबऱ्यावर बसली. गिरजाच्या हातात हंडा तसाच होता.

"म्हंजे मीच पाजलं तिला," सावळी म्हणाली. "डोंगर चढून आनलं नि मीच पाजलं."

दिपाली उठून तिच्याजवळ गेली.

"आधी हे ओतून टाकू," ती म्हणाली. "आणि चंदाला शहापूरला दवाखान्यात नेऊ. मी येते बरोबर."

सावळी उठली. तिने ड्रमला खांदा लावला, गिरजाने हंडा ठेवून दुसरीकडून धरलं. ड्रम कलंडला, पाणी काठाशी आलं, आणि सावळीने तो तसाच पेलून धरला. परसातल्या भाजीच्या वाफ्यात शेळ्या शिरल्या होत्या. वाफ्याच्या खाली उतारावर विहीर. विहिरीखाली ओढा, आणि ओढ्यावर खालच्या वाडीतल्या बाया हंडे भरत होत्या.

"वतू कुठं गो, बाय?" ती म्हणाली. "जिथं कोनच पीत नाय, अशी जागा दाव."