ठोंब्याचा रेनकोट

रविवारी सकाळी टॉवेल आणायच्या निमित्तानं मृणालिनी वर गेली आणि तिनं हॉट प्रेसचं दार उघडलं. आयर्लंडच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं जे कपाट असतं, ते हे. सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या चादरींमागे, तिनं शुक्रवारी दुपारी एक पार्सल दडवलं होतं.

पार्सल जर्मनीहून आलं होतं. आत ठोंब्या होता. ठोंब्या म्हणजे तिच्याच हिरव्या इरकली साडीचा, तिनंच शिवलेला, पोट सुटलेला हत्ती. पूर्वी नावाच्या तिच्या मुलीच्या शाळेनं दुसरीतल्या प्रत्येक मुलाचं एक खेळणं चौदा दिवसांसाठी ल्युबेकच्या कुणा ना कुणाच्या घरी पाहुणं म्हणून पाठवलं होतं. ठोंब्या हायके नावाच्या बाईंकडे उतरला.

आणि त्या बाईंनी कहरच केला. रोज ई-मेलवर फोटो. ठोंब्या ल्युबेकच्या कललेल्या जुन्या वेशीसमोर. ठोंब्या ओहोटीनं उघड्या पडलेल्या समुद्राच्या तळावर, पायाला चिखल. ठोंब्या हॅम्बुर्गच्या बंदरात. याच हॅम्बुर्गला जायचं म्हणून मृणालिनी आणि तिचा नवरा प्रल्हाद उन्हाळाभर व्हिसाच्या तारखेसाठी कॉम्प्युटरसमोर बसले होते. तारीख मिळाली नाही. हत्ती पोस्टाच्या तिकिटावर गेला.

त्या दोन आठवड्यांत मृणालिनीला हॉस्पिटलमध्ये दोन्ही शनिवार-रविवार ड्युटी होती. घरी येऊन जेवायला बसलं की पूर्वीचं सुरू.

“मम, हायके मेड हिम पॅनकेक्स!”

“ग्रँड,” म्हणून मृणालिनी भाताचा घास गिळायची.

ती जळत होती. कापडाच्या हत्तीला फिरवणाऱ्या, कधी न पाहिलेल्या बाईवर जळायचं म्हणजे हद्द झाली, हे तिला कळत होतं. पण कळलं म्हणून जळणं थोडंच थांबतं? सात वर्षांच्या आपल्या मुलीच्या तोंडी दिवसातून वीस वेळा परक्या बाईचं नाव येतं, आणि आपलं येतं ते ‘मम इज अ‍ॅट वर्क’ एवढ्यापुरतंच.

शुक्रवारी तिनं खोकं उघडलं तेव्हा ठोंब्याच्या अंगात पिवळा धमक रेनकोट होता. हातानं शिवलेला. इवलीशी दोन बटणं, आणि सोंड अडकू नये म्हणून टोपीला पुढून खाच. मृणालिनी बघतच राहिली. चार वर्षं या पावसाच्या देशात काढली, हत्तीला रेनकोट शिवावा हे आपल्याला का सुचू नये? तिनं खोकं बंद केलं आणि चादरींमागे सारलं.

आज तिनं ठरवलं होतं. रेनकोट काढून पर्समध्ये टाकायचा. मग खाली जायचं आणि म्हणायचं, पार्सल चुकून शेजाऱ्यांकडे गेलं होतं बरं का.

“मृणाल, टॉवेल सापडतोय ना?” खालून प्रल्हादनं विचारलं.

“सापडतोय.”

तिनं वरचं बटण काढलं. दुसऱ्याला हात घातला तशी रेनकोटाच्या खिशातून काहीतरी भुरभुरलं. ब्राउन ब्रेडचा चुरा. सुकलेला. आपल्याच घरातला.

ती थबकली. खोक्याच्या तळाशी ठोंब्याची प्रवासाची वही होती. रोजचं एक पान. गाव, यजमान, काय पाहिलं, काय खाल्लं. चौदा पानं हायकेच्या गोल अक्षरात. पंधराव्या पानावर पेन्सिलीनं, वाकडंतिकडं, इंग्रजीत लिहिलं होतं:

‘शुक्रवार. गाव: सिटीवेस्ट. यजमान: मम. काय पाहिलं: टॉवेल. काय खाल्लं: ब्रेड. आंघोळीला टॉवेल घेताना मला तो दिसला. लांबून आला म्हणून मी तुकडा ओवाळला, आजीनं माझ्यावरून ओवाळला होता तसा. तो बाहेर टाकायचा असतो. पण दार वाजलं असतं तर ममला कळलं असतं, म्हणून त्याच्या खिशात ठेवला.’

मृणालिनीच्या सासूबाई, अलकनंदाबाई, गेल्या वर्षी नागपूरहून आल्या होत्या. पूर्वी शाळेच्या सहलीहून परतली तेव्हा भाकरी नव्हती म्हणून त्यांनी ब्रेडचाच तुकडा तिच्यावरून ओवाळून टाकला होता. मृणालिनी तेव्हाही ड्युटीवर होती. तिला ते फोनवर कळलं होतं.

तिनं पान उलटलं.

‘शनिवार. यजमान: मम. आज पण ती कामावर आहे. तिनं त्याला लपवलं आहे कारण तिला तो एकटीला हवा आहे. तिलाच कधी खेळायला मिळत नाही. म्हणून मी काही बोलणार नाही. माझी पाळी नंतर.’

मृणालिनी तिथेच, उघड्या कपाटासमोर, जमिनीवर बसली. टाकीच्या उबेनं तिचा चेहरा तापला होता. निदान स्वतःला तरी तिनं तसंच सांगितलं.

सतराव्या पानावर आजचा वार होता. रविवार. यजमान: मम. खाली ‘काय पाहिलं’ आणि ‘काय खाल्लं’ यांच्यापुढची जागा कोरी होती, आणि पानात टोक काढून ठेवलेली पेन्सिल.

तिनं रेनकोटाचं बटण पुन्हा लावलं.

“पूर्वी,” तिनं वरूनच हाक मारली. “बूट घाल.”

“इट्स लॅशिंग आउट, मम!”

“असू दे पाऊस. त्याच्याकडे रेनकोट आहे.”