केकविना चार वर्षं

"आईनं बटण अकरा वेळा दाबलं," तुरिद म्हणाली. "मला एवढंच सांगा, ते कुणाला ऐकू गेलं?"

तोर्गेइरनं कॉफीचा कप तिच्यापुढे सरकवला. नॉर्वेतल्या ट्रॉन्हेम शहरात त्याच्या कचेरीत प्रत्येक बैठक कॉफीनं सुरू होई, आणि अडचणीची बैठक दोनदा सुरू होई. हा दुसरा कप होता. पहिल्यालाही तुरिदनं हात लावला नव्हता. तीस वर्षं फ्योर्डच्या खाडीतल्या फेरीबोटीवर काढलेली बाई ती. तिनं जाकीटही काढलं नव्हतं. मुठीत आईचं मनगटी बटण होतं.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठीचं हे बटण. दाबलं की नर्सच्या फोनवर निरोप जातो आणि हिरवा दिवा लागतो. निरोप गेला नाही तर लाल. यामागचा प्रोग्रॅम तोर्गेइरच्या गटानं लिहिलेला. तुरिदची सत्त्याऐंशी वर्षांची आई बोर्गहिल्ड न्हाणीघरात पडली, तेव्हा नर्सचा नंबर बदललेला होता आणि यादीत जुनाच होता. निरोप कुठेच गेला नाही. दिवा अकराही वेळा हिरवा लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती सापडली. चौथ्या दिवशी गेली.

"लाल लागला असता तर तिनं भिंत बडवली असती," तुरिद म्हणाली. "पलीकडे शेजारी दिवसभर स्कीला मेण लावत बसला होता. दवाखान्यात मला म्हणते कशी, 'दिवा हिरवा होता गं. उगाच कशाला लोकांना त्रास द्यायचा?'"

तोर्गेइरनं घसा साफ केला. समजावून सांगण्यात त्याचा हातखंडा होता.

"असं बघा. आमच्या प्रोग्रॅममध्ये एकेक काम एकेका वस्तूकडे, म्हणजे प्रोग्रॅमच्याच एका छोट्या तुकड्याकडे, सोपवलेलं असतं. एखादीला काम जमलं नाही, तर ती चूक वर फेकते. जिनं काम सांगितलं, तिनं ती झेलायची आणि काहीतरी इलाज करायचा. तिला नाही झेपली, तर तिच्या वरचीनं. कुणीच झेलली नाही, तर सगळा कारभार बंद पडतो."

"म्हणजे बोटीवर दोर निसटला की खालचा खलाशी बोंब मारतो, तसं."

"अगदी तसंच."

"मग आईच्या वेळी कुणी बोंब मारली नाही?"

"मारली," तोर्गेइर म्हणाला. "अकरा वेळा."

"आणि ऐकली कुणी?"

याचं उत्तर तोर्गेइरला कालपासून माहीत होतं. उत्तराचं नाव इंग्विल्ड.

बाहेर गटाच्या दालनात भिंतीवर एक पाटी होती : 'केकविना दिवस – १४५३'. नियम तोर्गेइरचाच. ज्याच्या चुकीनं कारभार बंद पडेल, त्यानं शुक्रवारी घरी केलेला केक आणायचा. चुकांची भीती कुणाला वाटू नये म्हणून हा नियम, असं तो पाहुण्यांना सांगे. पाहुण्यांना ते फार आवडे. नव्यानं आलेल्या इंग्विल्डनं पहिल्याच महिन्यात तीन केक आणले होते. तिनं लिहिलेल्या वस्तू न झेपलेली चूक इमानेइतबारे वर फेकत, वर कुणी झेलत नसे, आणि सगळं बंद पडे.

"काय केकवाली," तोर्गेइर तिला म्हणायचा, "या शुक्रवारी बदाम जरा सढळ हातानं घाल गं!"

तिसऱ्या केकवर तिनं साखरेनं 'माफ करा' असं लिहून आणलं. 'माफ'चा तुकडा तोर्गेइरच्या वाट्याला आला. सगळे पोट धरून हसले. इंग्विल्डही हसली, जरा उशिरा. त्यानंतर केक आला नाही. पाटी लागली. दोन वर्षांपूर्वी इंग्विल्ड नोकरी सोडून बर्गनला गेली. ही एक सोयच म्हणायची. बैठकीला नसलेल्या माणसाच्या अंगावर चूक टाकली, की उपस्थितांपैकी कुणाचं मन दुखावत नाही.

त्यानं स्क्रीन तुरिदकडे वळवली.

"ऐकली इथे. हा 'झेल' असा हुकूम आहे. झेलल्यावर काय करायचं, ते पुढच्या कंसात लिहायचं असतं."

तुरिदनं चष्मा लावला. "कंसात तर काहीच नाही."

"नाही."

"म्हणजे बोंब मारणाऱ्याचं तोंड दाबलं, आणि वर कळवलं की सगळं ठीक आहे."

तोर्गेइरला यात दुरुस्ती करण्यासारखं काही सापडलं नाही. "ही ओळ इंग्विल्ड नावाच्या मुलीनं लिहिली," तो म्हणाला. "आता ती इथे नसते. नवखी होती हो. आम्हाला जर तेव्हाच कळलं असतं..."

तुरिदचं लक्ष नव्हतं. बोटीवर नोंदवही वाचायची ती शेवटच्या सहीपर्यंत, ही तिची सवय. तिचं बोट स्क्रीनवरून खाली उतरत होतं. या कचेरीत एकानं लिहिलेली ओळ दुसऱ्यानं वाचून शेरा दिल्याशिवाय पुढे जात नसे. तोर्गेइरनं असे हजारो शेरे दिले होते, आणि त्यातला एकही त्याला आठवत नव्हता. काल इंग्विल्डचं नाव दिसल्यावर त्यानं पुढे वाचलंच नव्हतं.

बोट थांबलं.

"इथे खाली तुमचं नाव आहे," तुरिद म्हणाली, आणि शाळेतल्यासारखं एकेक शब्द लावून वाचू लागली. "'तपासलं. शाब्बास, आता शिकलीस! या शुक्रवारचा केक वाचला.'"

तिनं चष्मा काढला. आवाजात राग नव्हता. बाकी सगळं तिला समजलं होतं, एवढंच राहिलं होतं.

"कसला केक?"