चव्वेचाळीस वर्षांचा मुलगा

“बाबा, ऐकलंत का? मला मुलगा आहे म्हणे!” लेक लॅपटॉपवरून ओरडली. “चव्वेचाळीस वर्षांचा!”

लेक स्वतः एकोणतीसची. वॉशिंग मशिन दुरुस्त करायची, तोंडाने फटकळ, आणि या घरात दत्तक आलेली, हे तिला लहानपणापासून ठाऊक. जन्म देणारीला शोधायचं खूळ मात्र यंदाच डोक्यात शिरलं होतं. बाटलीत लाळ भरून पाठवायची, कंपनी डीएनए तपासते, आणि आपल्या रक्ताचं दुसरं कोणी तिथे आलेलं असलं तर कळवते. तर कंपनीने हे दिवे लावले होते.

बाबा हसता हसता खोकायला लागले. “म्हणजे मी आजोबा झालो की! नातवाला टक्कल पडलंय का, विचार.”

आई मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही.

लेकीने कंपनीला फोन लावला. “अहो दादा, मी जन्मायच्या पंधरा वर्षं आधी बाळंत झाले होय? डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?”

“मॅडम, मशिन चुकत नाही.”

“मशिनचं मला नका सांगू, रोज उघडते मी!”

“ज्यांची लाळ, त्याच त्यांच्या आई,” पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. “बाटलीत दुसऱ्या कोणाची लाळ गेली नाही ना, तेवढं घरी विचारा.”

लेकीने तणतणत फोन ठेवला. मग तिला आठवलं, बाटली पोस्टात टाकायला आई गेली होती. आपणहून. या शोधाचं नुसतं नाव काढलं तरी जिचं डोकं दुखायचं, ती आई.

“आई, तू थुंकलीस त्यात?”

“थुंकले,” आई म्हणाली. “तुझं सगळं बेसिनमध्ये ओतलं. ती तुला सापडली असती तर माझं काय राहिलं असतं गं? म्हटलं, माझी लाळ जाऊ दे. मला कशाला कोण शोधायला बसलंय!”

लेक भडकलीच. सगळ्या ठेवणीतल्या शिव्या तोंडाशी आल्या, आणि तिथेच अडल्या. लाळ आईची. मग मुलगा?

बाबांचं हसू मावळलं होतं. मूल होत नाही म्हणून सगळ्या नातेवाइकांनी आईलाच नावं ठेवली होती, इतकी वर्षं. तिने कधी कोणाला उलटून एक शब्द ऐकवला नव्हता.

आईने बाबांकडे पाहिलंच नाही. हात पदराला पुसत ती लॅपटॉपपाशी आली.

“फोटो आहे का गं त्याचा?” ती म्हणाली. “तेव्हा मला बघूसुद्धा दिलं नव्हतं त्याला.”