बिनठिपक्याची व्हॅन

नकाशावर ठिपका नव्हता. कारागिराने मोबाइलचा पडदा दोन बोटांनी ताणून गल्ली मोठी केली, लहान केली, पुन्हा मोठी केली. औषधाचं दुकान दिसलं, शाळेची भिंत दिसली, कोपऱ्यावरचा पेट्रोल पंप दिसला. ज्या पांढऱ्या व्हॅनचं दार त्याने तीनदा उघडलं होतं, तिच्या जागी मात्र काहीच नाही. गल्ली कशी धुतल्या तांदळासारखी.

"दाखव की ठिपका," दगड्या म्हणाला आणि खो खो हसत सुटला.

पोलिसांनी गुन्ह्यांचा नकाशा लोकांसाठी खुला केला होता. नागरिकांनी सावध राहावं, हा हेतू. नागरिक तो उघडूनही बघत नसत. बघायची ती ही चोरमंडळी, शाळेतल्या पोरांनी निकाल बघावा तशी. भंगारवाल्याच्या गोदामात बढाया मारणारे कमी नव्हते आणि भंगारवाला सख्ख्या बापावरही विश्वास ठेवणाऱ्यातला नव्हता. नकाशावर लाल ठिपका असेल तर काम झालं, नसेल तर थापा. एका कुरिअर कंपनीच्या आवारातल्या व्हॅन उघडायच्या होत्या आणि त्या कामाचा म्होरक्या कोण, हे या ठिपक्यांवरच ठरणार होतं.

दगड्याचे ठिपके गोवर उठल्यासारखे शहरभर पसरले होते. कारागिराला त्यांची शिसारी यायची. काच फोडायची, हात घालायचा, पळत सुटायचं. यात अक्कल कुठे लागते? माकडालाही जमेल, आणि माकड निदान हात तरी कापून घेणार नाही. व्हॅनवाल्यांचाही त्याला तेवढाच तिटकारा होता. आत महागडी हत्यारं ठेवायची आणि बाहेर खेळण्यातलं कुलूप लावायचं! अशांना लुटलं नाही तरच पाप लागेल.

पांढरी व्हॅन तेवढी वेगळी होती. तिचं कुलूप बाजारातलं नव्हतं, कुणीतरी हाताने घडवलेलं होतं. पहिल्यांदा ते उघडताना त्याला घाम फुटला. मग बोटांना आपसूक वाट सापडली, आणि स्वतःच्या कौतुकात तो ड्रिल मशीन उचलायचंच विसरत होता. दार पुन्हा नीट लावून तो निघाला. मालक तर मूर्खांचा राजा. त्याने तिथेच नवं मशीन आणून ठेवलं. कारागिराने तेही नेलं. मग आणखी एक.

ही विद्या त्याला थोरल्या भावाने शिकवली होती. दादा कुलपं दुरुस्त करायचा. लोक त्याला देवमाणूस म्हणायचे. कारागिराच्या मते तो नुसता बावळट होता. गिऱ्हाईक रडकुंडीला आलं की हा मजुरी सोडून द्यायचा. इतक्या गुणी हातांचं मातेरं कारागिराला बघवेना. एक दिवस तोंडाला येईल ते बोलून तो घराबाहेर पडला, तो पुन्हा फिरकला नाही. दादा आता कुठे राहतो, काय करतो, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करूनही घ्यायचं नव्हतं.

"मशीन काय, दुकानातही मिळतं," भंगारवाला म्हणाला. "ठिपका आण. नाहीतर म्होरक्या दगड्या."

नकाशात चूक आढळल्यास पोलीस ठाण्याच्या माहिती खिडकीवर विचारावं, असं नकाशाखालीच लिहिलेलं होतं. कारागीर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. पोलिसांना तो काडीचीही किंमत देत नसे. त्यांच्याच खिडकीत उभं राहून त्यांची चूक काढायची, या कल्पनेने त्याला गुदगुल्या होत होत्या.

खिडकीतल्या बाईंनी गल्लीचं नाव ऐकलं आणि कपाळाला हात लावला.

"ती पांढरी व्हॅन ना? तुम्ही कोण त्या मालकाचे?"

"मी कशाला कोण असेन? त्या गल्लीतून जाणं-येणं असतं माझं. तिथे चोऱ्या होतात आणि तुमच्या नकाशाला पत्ता नाही!"

"तक्रारच नाही तर ठिपका कुठून आणू?" बाई उसळल्या. "पहिल्या वेळी आला होता तो. अर्धी तक्रार लिहूनही झाली होती. साहेब व्हॅन बघायला गेले, म्हणाले, कुलूप तर फुटलेलं नाही. म्हणून मालक वाकला, कुलपावर बोट फिरवलं, तर बोटाला तेल. चोराने कुलूप उघडलं, परत लावलं आणि वर त्याला तेलाचा थेंब घातला. ऐकलंय कधी असलं?"

कारागिराने ऐकलं होतं. किल्लीशिवाय उघडलं की कुलपाला दुखतं, असं दादा म्हणायचा. तेलाचा थेंब दिल्याशिवाय तो कुलपावरचा हात काढू द्यायचा नाही, विसरलं की डोक्यात टपली. कुलूप सैल करायला कारागिराच्या खिशात तेलाची कुपी असायचीच. पण निघताना आपला हात ती पुन्हा काढतो, हे त्याला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

"मग?" त्याने विचारलं.

"मग काय! बसला तिथेच फूटपाथवर. हसतोय का रडतोय, कळेना. तक्रार फाडून टाका म्हणाला. त्यानंतर शेजाऱ्यांनी कळवलं, पुन्हा चोरी झाली म्हणून. साहेब गेले, तर हा आपला नवं मशीन आत ठेवतोय! आता असल्या माणसाला काय म्हणायचं? साहेब म्हणाले, अहो, चोर तुम्हाला लुटतोय, कळतंय का? तर म्हणतो कसा..." बाईंनी तोंड वाकडं करून त्या माणसाची नक्कल केली, "'चोर कसला, साहेब? धाकटा आहे माझा. घरी यायला लाजतो, म्हणून इथूनच नेतो.'"